ब्रेस्ट पंप: उसना आणला, भाड्याने घेतला, शेवटी विकतही घेतला

तिन्ही करून झालंय माझं, तेसुद्धा एकाच लेकीच्या मागे अकरा महिन्यांत, त्यामुळे ओळखीत कोणाला सातवा लागला की मलाच फोन येतो, "अगं पंप कुठला घेऊ?" आणि मी प्रत्येकीला आठ-आठ मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवत बसते. म्हटलं एकदाच लिहून टाकू. लांबलं तर लांबलं, पंपावर बसलेल्या बाईकडे वीस मिनिटं असतातच वाचायला.

माझं मत आधीच सांगते म्हणजे घाईत असाल तर सुटका. मोटारवाला पंप उसना आणू नका, अगदी सख्ख्या बहिणीचासुद्धा. डिलिव्हरीच्या आधी विकत घेऊन ठेवू नका. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल किंवा पहिल्या महिन्यात ओढतच नसेल तर भाड्याचं मोठं मशीन आणा, आणि विकत घ्यायचा तो ऑफिसची तारीख डोळ्यासमोर आली की. आता हे शहाणपण कसं आलं ते.

माझी लेक तेहतिसाव्या आठवड्यात झाली, मे महिन्यात, ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये. वजन एक किलो सातशे ऐंशी. १९ दिवस एनआयसीयू. एवढ्या लवकर आलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळच जमत नसतो, तो साधारण ३४ आठवड्यांच्या पुढे जमायला लागतो, त्यामुळे आधी नळीने आणि मग बोंडल्याने दूध. म्हणजे दूध माझं, पण काढून द्यायचं. पहिल्या दिवशी सिझेरियनची भूलही नीट उतरली नव्हती आणि सिस्टर येऊन म्हणतात, "चला, चीक काढायचाय." मी म्हटलं पंप तर नाहीये. त्या हसल्या, म्हणाल्या, "आत्ता पंपाचं कामच नाही, एवढासा चीक फनेललाच चिकटून राहील." (फनेल म्हणजे पंपाचा छातीवर बसणारा नरसाळ्यासारखा भाग.) मग त्यांनी अंगठा आणि बोट कुठे ठेवायचं, आधी छातीकडे मागे दाबायचं आणि मग चिमटीत घ्यायचं, हे हाताला धरून शिकवलं. वीस मिनिटांत दीड एमएल. नवरा ती सिरींज शर्टाच्या खिशात उभी धरून तिसऱ्या मजल्यावर जिन्याने पळाला, लिफ्टची वाट बघितली नाही.

सांगायचा मुद्दा, पहिले दोन दिवस हातच पंप. हे फुकट आहे आणि कोणी सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. उतरलं म्हणजे काय, छाती दगड झाली, अंगात ताप, आणि बाळ दोन मजले वर. जाऊबाई कल्याणहून पंप घेऊन आल्या. त्यांचा मुलगा आता चार वर्षांचा, तेव्हापासून पंप माळ्यावर. "घे गं, पडूनच आहे, कशाला आठ-दहा हजार घालवता." मनाने किती चांगल्या ते वेगळं सांगायला नको, एवढ्या उन्हात ट्रेनने आल्या. नवरापण खूश. आईने बाटल्या, फनेल, जे जे उकळता येईल ते सगळं पातेल्यात उकळून काढलं आणि मी बसले. मशीनचा आवाज भरपूर, ओढ काहीच नाही. पंचवीस मिनिटांत तळाला कसंबसं दहा एमएल.

संध्याकाळच्या सिस्टर आल्या, त्यांनी दुधाकडे बघितलंच नाही, नळी हातात घेतली आणि ट्यूबलाईटसमोर धरली. "हे बघा." मशीनकडच्या टोकाला, आतल्या बाजूने, रव्याच्या दाण्याएवढे काळे ठिपके. चार-पाच असतील. बुरशी. ते दहा एमएल बेसिनमध्ये ओतलं गेलं आणि मी रडले, बाळंतपणात असंही रडायला कारण लागत नाही, पण त्या दिवशी कारण होतं.

तर हे ओपन आणि क्लोज्ड सिस्टीम प्रकरण नीट समजून घ्या, दुकानदार सांगतीलच असं नाही. पंप म्हणजे शेवटी हवा ओढणं-सोडणं. ओपन सिस्टीममध्ये दुधाच्या बाजूची हवा आणि मोटार यांच्यामध्ये आडपडदाच नसतो, त्यामुळे दुधाची वाफ, एखादा थेंब नळीतून थेट मोटारीपर्यंत जातो आणि तिथे बसतो. मोटार उघडून कोण धुणार? तुम्ही फनेल उकळा, बाटली उकळा, नवी नळीसुद्धा लावा, पण ज्या पोटातून हवा येते ते पोट जुनंच. क्लोज्ड सिस्टीममध्ये मध्ये एक सिलिकॉनचा पडदा असतो, दूध त्याच्या पलीकडे जात नाही. अर्थात क्लोज्ड आहे म्हणून दोघींनी वापरायला चालतो असंही नाही, घरगुती पंप हे एकीसाठीच बनवलेले असतात, औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी अमेरिकेची सरकारी संस्था एफडीएसुद्धा हेच सांगते. शिवाय मोटारीचंही आयुष्य असतं, जाऊबाईंनी वर्षभर रोज वापरून ती दमवली होती, मग ओढ कुठून येणार. मधल्या वेळात नवऱ्याने नव्या नळीसाठी आणि व्हॉल्वसाठी तीन दुकानं पालथी घातली, मिळालं ते त्या मॉडेलला बसेना, अकराशे रुपये गेले. फुकटच्या पंपाला अकराशे.

आमच्या एनआयसीयूतल्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यात पक्की बसली. दूध कमी पडलं तर मिल्क बँकेचं आणता येईल असं त्या म्हणत होत्या, सायन हॉस्पिटलात १९८९ पासून आहे, आशियातली पहिली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. तिथे दूध देणाऱ्या आईची आधी रक्ततपासणी होते, एचआयव्ही, हिपॅटायटिस वगैरे, आणि मग दूध ६२.५ डिग्रीला अर्धा तास तापवून पाश्चराइज करतात, तेव्हा कुठे ते दुसऱ्या बाळाला. आणि आपण मात्र घरातलाच पंप आहे म्हणून गरम पाण्यात बुचकळून वापरायला घेतो! माझी आई यावर म्हणाली, "तुझ्या मामाला तर काकूनेच पाजलं होतं, काय झालं त्याला?" काही नाही झालं. पण काकूच्या अंगात बुरशी नव्हती, आई.

आता जाऊबाईंना काय सांगायचं हा खरा प्रश्न. मी सरळ खोटं बोलले, डॉक्टरांनी मोठं मशीनच सांगितलंय म्हणून. रिकामं भांडं परत करायचं नाही म्हणून आईने पंपाच्या खोक्यावर अळिवाच्या लाडवांचा डबा ठेवला आणि प्रकरण गोडीत मिटलं. त्या हे वाचत असतील तर सॉरी वहिनी.

भाड्याचं मशीन दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मेडेलाचं सिंफनी, हॉस्पिटलांमध्ये दिसतं तेच, आकाराने आमच्या जुन्या टू-इन-वन एवढं. याचं मशीन सगळ्यांचं, पण दुधाला लागणारं काहीही सगळ्यांचं नाही: फनेल, व्हॉल्व, नळ्या, बाटल्या हा किट तुमचा तुम्ही नवा, सीलबंद विकत घ्यायचा आणि मशीन परत गेलं तरी तो तुमच्याकडेच राहतो. म्हणून ते एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतं. माझं बिल असं: महिन्याचं भाडं ४,५००, डिपॉझिट १०,०००, किट ३,४००, आणणं-नेणं ६००. डिपॉझिटचा आकडा ऐकून सासरे म्हणाले, एवढ्यात तर एक चांगली गाय... असो.

पण काय मशीन आहे! आधी दोन मिनिटं भराभर छोटे झटके, बाळ सुरुवातीला चुटुचुटु करतं ना तसे, मग आपोआप सावकाश लांब ओढ. पान्हा लवकर फुटला तर बटण दाबून आपणच पुढच्या टप्प्यावर जायचं. दोन्ही बाजू एकदम, त्यामुळे वेळ निम्मा. आवाज एवढा हळू की शेजारच्या कॉटवरची बाळंतीण झोपलेली उठली नाही. पहिल्याच बैठकीत पस्तीस एमएल आणि दहाव्या दिवशी दिवसाचे साडेचारशे. आता हे सगळं मशीननेच केलं असं म्हणणं बरोबर नाही, दिवसातून आठ-नऊ वेळा बसायचं, रात्री तीनची पाळी चुकवायची नाही, कारण दूध तयार करणारं हार्मोन रात्रीच जास्त असतं, आणि तो तीनचा अलार्म माझा कमी, आईचा जास्त. ती उठायची, गरम पाणी द्यायची, खुर्चीत बसून पेंगायची.

डीलरबद्दल मात्र बोलायचंय, नाव नको. मशीन पाठवताना एक तासात हजर, डिपॉझिट परत करताना तेवीस दिवस आणि सात फोन. "मॅडम अकाऊंट्सवाले सुट्टीवर आहेत." कमीत कमी एक महिन्याचं भाडं, तुम्ही दहा दिवसांत परत केलंत तरी पूर्ण महिना, हे मशीन दारात आल्यावर कळलं. तेव्हा फोनवर गोड बोलत असतील तर सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, डिपॉझिट किती दिवसांत, नेण्याचे पैसे कोण देणार, बंद पडलं तर बदली मशीन कधी. मशीनचा सिरीयल नंबर आणि आधीचे ओरखडे यांचा फोटो त्यांच्या माणसासमोर काढा. आणि किटचं सील फुटलेलं असेल तर सरळ परत. अजून एक, खोक्यावर "हॉस्पिटल ग्रेड" छापलेलं बघून भुलू नका, त्या शब्दाची एफडीएकडे काही ठरलेली व्याख्याच नाही, कोणीही छापतं. विचारायचं ते एवढंच, हे अनेकींनी वापरण्यासाठी बनवलंय का.

दोन महिने ठेवलं. लेक घरी आली तरी ओढायला ताकद कमी, दोन मिनिटांत दमून झोपायची, म्हणून पाजून झाल्यावर उरलेलं काढून तेच बोंडल्याने. पंप, धुणं, उकळणं, वाळवणं, परत पंप. जुलैत डोंबिवलीत काही वाळतं का! ओल्या नळीतच बुरशी धरते हे एकदा पाहिलेलं, म्हणून दूध काढून झालं की मशीन दोन मिनिटं नुसतंच चालू ठेवायचे, नळीतली वाफ सुकेपर्यंत. लेक अंगावर नीट प्यायला लागली त्या दिवशी मशीन परत पाठवलं. भाडं, किट, नेआण धरून १३,००० गेले. त्यातला एकही रुपया मला जास्त वाटला नाही.

मग चार महिने पंपच नाही. एखाद्या लग्नाला वगैरे जायचं तर हाताने दाबायचा साधा मॅन्युअल पंप पुरतो, दीड-दोन हजारात येतो, मोटार नाही, लाईट नको. (हातपंप म्हटलं की नवऱ्याला गावची बोअरवेल आठवते, तो विनोद त्याने किती वेळा केला ते विचारू नका.) ज्यांना ऑफिसला जायचं नाहीये त्यांनी माझं ऐका, यावरच थांबा.

मला जायचं होतं. कायद्याने २६ आठवडे रजा, पहिल्या दोन बाळांना, २०१७ च्या दुरुस्तीपासून. नोव्हेंबरात ऑफिस, म्हणून ऑक्टोबरअखेर पंप विकत घेतला, ९,८०० चा, दोन्ही बाजूंचा, क्लोज्ड, चार्जिंगवाला. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, दर सहा महिन्यांनी बदलतात. घेताना मी एकच हट्ट धरला, याचे व्हॉल्व, पडदे आणि वेगवेगळ्या मापाचे फनेल सुटे मिळतात का ते आधी शोधून मगच पैसे. आणि आधी घेऊन का ठेवायचा नाही तर वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून सुरू होते, सातव्या महिन्यात घेतलात तर अर्धं वर्ष ती कपाटातच संपते, आणि एकदा खोका फोडला की स्वच्छतेचं कारण सांगून कोणी परत घेत नाही.

तरी पहिला आठवडा वाईट गेला. दुखायचं, भोवती लाल कडं उमटायचं, निघायचं जेमतेम साठ. मी काय केलं, ओढ वाढवली. अजून दुखलं, अजून कमी आलं. शेवटी लॅक्टेशनवाल्या, म्हणजे स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या मॅडमना व्हिडिओ कॉल केला, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "माप घेतलं का?" कसलं माप? तर निपलच्या बुडाच्या रुंदीचं, मिलिमीटरमध्ये. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली, १७ भरलं. पंपाबरोबर आलेली फनेलं २४ आणि २८ ची! एवढ्या ढगळ फनेलमध्ये आजूबाजूचं सगळंच आत ओढलं जातं, सूज येते आणि दूध आतल्या आत अडकतं. ३५० रुपयांच्या सिलिकॉनच्या दोन रिंगा मागवल्या, फनेलच्या आत बसवायच्या, माप १९ वर आलं. तोच पंप, ओढ उलट कमी केलेली, आणि त्याच अठरा मिनिटांत एकशे दहा. दुखणं बंद. मग आठवलं, भाड्याच्या मशीनच्या वेळी सिस्टरनी डीलरला फोनवर "एकवीसचंच पाठवा" म्हणून बजावलं होतं, मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं. दहा हजाराचा पंप घेताना चार रात्री रिव्ह्यू वाचले आणि माप मात्र घेतलं नाही.

जानेवारीत परत ओढ गेली. म्हटलं मोटार गेली, वॉरंटीचा मेल लिहायला घेतला. ती बदकाच्या चोचीसारखी पांढरी व्हॉल्व असते ना, तिची चीर रोजच्या धुण्याने सैल पडली होती. अडीचशे रुपयांची जोडी. दर दोनेक महिन्यांनी बदलायचीच हे धरून चाला, आणि धुताना आत बोट घालू नका, चीर तिथेच फाटते.

ऑफिस परळला. "मदर्स रूम" म्हणजे प्रिंटरच्या खोक्यांची खोली, आतून कडी नव्हती, नवऱ्याने रबरी पाचर दिली दाराखाली लावायला. सकाळी अकरा आणि दुपारी साडेतीन. "परत ब्रेक?" असं एकदा ऐकल्यावर मी कायद्याची ओळच मेल केली, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दोन नर्सिंग ब्रेक, १९६१ च्या कायद्यापासूनच आहेत. नंतर कोणी विचारलं नाही. ऑफिसातली एक मैत्रीण तो ब्राच्या आत बसवायचा वायरलेस पंप वापरायची, मीटिंगमध्ये बसूनसुद्धा. सोय आहेच. पण वाकलं की सांडायचा तिचा, आणि दूध सांडल्यावर माणूस जे बोलतो ते तिने मीटिंगमध्ये म्यूट न करता बोललं.

दूध घरी न्यायला बर्फाच्या पॅकांची पिशवी, गोठलेले पॅक असतील तर चोवीस तास चालतं. नुसतं बाहेर चार तास म्हणतात ते २५ डिग्रीचं, आपल्या मे महिन्यातल्या लेडीज डब्याचं नव्हे. फ्रीजमध्ये चार दिवस, तेही आत मागे, दारात नाही. वर सायीसारखा थर येतो ते नासलेलं नसतं, हलक्या हाताने फिरवलं की मिसळतं. गरम करायचं तर बाटली कोमट पाण्यात उभी करून, मायक्रोवेव्ह अजिबात नाही. आई हे सगळं माझ्यापेक्षा काटेकोर करायची, वाटी-चमच्याने पाजायची आणि किती प्यायली ते कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबाखालीच लिहून ठेवायची. संध्याकाळच्या ट्रेनमध्ये पिशवी छातीशी धरून उभी असायचे, एकदा एका काकूंनी विचारलं, "आइस्क्रीम का गं?" मी हो म्हटलं.

एप्रिलमध्ये थांबवला पंप. लगेच मावसबहिणीचा मेसेज, "तुझा आता पडूनच असेल ना?" तिला मापाची टेप, न फोडलेली व्हॉल्वची जोडी आणि हे सगळं वर लिहिलंय ते पाठवलं, पंप नाही पाठवला. थोडी रुसलीय. बर्फाची पिशवी मात्र माझ्याकडेच आहे, नवरा तिच्यातून ऑफिसला ताक नेतो.